घागर तरी परत पाठव

याव दोन्कोर त्या दिवशी सकाळी राजा होता आणि दुपारी वेडा होणार होता. सिनेमे दोन, पण अंगण एकच, जनरेटर एकच आणि जेवणही एकाच पातेल्यातलं. कुमासीत आमचा धंदा असाच चालतो. सहा दिवसांत एक सिनेमा, महिन्यात तीन, आणि एखादा चालला की लगेच त्याचा भाग दोन, भाग तीन, लोक कंटाळेपर्यंत. मी क्वासी. याव राजा असला की मी त्याच्या बाजूला बसलेला सरदार, तो चोर असला की मी शेजारी, आणि तो मेला की बातमी घेऊन धावत येणारा मीच. बत्तीस वर्षं या माणसाच्या बातम्या घेऊन धावतोय. माझे गुडघे गेले ते यामुळेच.

सोन्याचा मुलामा दिलेल्या अंगठ्या घातलेल्या हातानं त्यानं फोन माझ्यापुढे धरला.

"वाच."

बेक्वाईहून त्याच्या मामानं चित्र पाठवलं होतं. त्याची आई, एनो, पाच आठवड्यांपूर्वी गेली होती, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. तिला दवाखान्याच्या शीतघरात ठेवलं होतं आणि तीन आठवड्यांनी शनिवारी माती द्यायची होती. हे तिच्या अंत्यविधीचं पोस्टर. पांढऱ्या लेसमध्ये एनो खुर्चीवर बसलेली, वर मोठ्या अक्षरांत नाव, खाली नातलगांच्या याद्या. घराण्याचा प्रमुख, भावंडं, भाचे, नातवंडं.

"मुलांच्या खाली किती नावं आहेत?" त्यानं विचारलं.

"एक."

"मीही एकच मोजलं."

एनोला मुलं दोनच. थोरली अकुआ सेर्वा आणि हा. पोस्टरवर अकुआच तेवढी होती.

हे पोस्टर बेक्वाईपासून कुमासीपर्यंत प्रत्येक भिंतीवर लागणार होतं. ज्याचं नाव त्यावर नाही तो मुलांच्या रांगेत बसू शकत नाही. तो लोकांच्या मांडवात लोकांसारखा बसतो, हात मिळवतो, पाण्याची पिशवी फोडून पितो आणि घरी जातो. आईला मूठभर माती द्यायलाही त्याला कुणी पुढे बोलावत नाही.

तेवढ्यात दिग्दर्शकानं हाक मारली, "राजेसाहेब, रागवायचंय!" आणि राजेसाहेब उठले. छत्रीखाली उभं राहून असे रागावले की मी खरोखरच दचकलो. मग येऊन परत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, दाढी काढली आणि म्हणाले, "क्वासी, मी फार थकलोय रे."

थकणारच. त्रेसष्ट वर्षांचा आहे तो. आजवर तो राजा झालाय, भिकारी झालाय, पाद्री, पुजारी, पोलीस, दारुडा, दोनदा मुका आणि एकदा जुळे भाऊ. म्हातारी तर इतक्यांदा झालाय की बाजारातल्या बायका त्याला डोक्याचा रुमाल कसा बांधायचा ते विचारतात. त्याच्याइतकी सोंगं या गावात कुणी केलेली नाहीत. आणि आमच्याकडे लिहिलेलं काही नसतं, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. दिग्दर्शक सकाळी सांगतो: तू जमीनदार, तू त्याचा भाचा, भांडा, मग एकानं रडायचं. चला! शब्द आपले आपण आणायचे. कुठून आणायचे ते कुणी विचारत नाही. पहिली दहा वर्षं माणूस डोक्यातून आणतो. मग डोकं रिकामं होतं, आणि तो बाजारातून आणतो, बसमधून आणतो, शेजारणीच्या भांडणातून आणतो. मग तेही संपतं.

चार वर्षांपूर्वी ते संपलं होतं. महिन्यातला तिसरा सिनेमा, यावला ताप, आणि तो म्हातारी झालेला. म्हातारीचा कोंबडा हरवलाय. कोंबडा शेजाऱ्यानं, म्हणजे मी, खाल्लाय. दिग्दर्शक म्हणाला, "म्हातारी रडते. पण अशी रडली पाहिजे की लोक हसून लोळतील." कॅमेरा चालू झाला. यावनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, गुडघ्यात वाकला, आणि त्याच्या तोंडून निघालं:

"पाणी आणायला गेलास, ऊन वर आलं. नाही यायचं तर नको येऊस, घागर तरी परत पाठव!"

कोंबड्याला! मी कोंबडीची तंगडी तोंडात धरून असा हसलो की ठसका लागला. ते हसणं सोंग नव्हतं. दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं.

पुढे काय झालं ते कुमासीत लहान पोरालाही माहीत आहे. टॅक्सींच्या मागच्या काचेवर ते रंगवलं गेलं. पैसे न देता उतरणाऱ्याच्या मागे कंडक्टर ओरडायचे, घागर तरी परत पाठव! वीज गेली की अख्खी गल्ली एका सुरात ओरडायची. रेडिओवर त्याचं गाणं झालं. आणि मी, देवानं मला क्षमा करावी, लग्नाबारशाला बोलावलं की तंगडी तोंडात धरून ते करून दाखवायचो.

ते शब्द यावच्या घरचे होते. त्यांच्या घरात बाई गेली की तिची मुलगी ते म्हणून तिला वाटेला लावते. एनोनं तिच्या आईला लावलं, तिच्या आईनं तिच्या आईला. आणि त्या सिनेमाच्या अकरा महिने आधी अकुआनं ते उलटं म्हटलं होतं, आपल्या एकुलत्या एक मुलीसाठी. अबेना बाळंतपणात गेली, चोवीस वर्षांची. अकुआ दोन्ही हात डोक्यावर ठेवून गुडघ्यात वाकली होती. याव तिच्या मागेच उभा होता. मीही होतो. तरी त्या दिवशी चित्रीकरणात मला ते ओळखू आलं नाही, मला फक्त हसू आलं. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

अकुआची बेक्वाईत खानावळ आहे. तिच्याच बाकावर बसून, तिचंच फुफू खाताना कुणीतरी फोनवर तो सिनेमा लावला. तिनं यावला फोन करून एकच विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं करायला?"

तो म्हणाला, "कुणी नाही, सिस्टर. आपोआप आलं."

खरंच होतं ते. तिनं फोन ठेवला, तो चार वर्षांत पुन्हा उचलला नाही.

आता राजाचा अंगरखा उतरवता उतरवता याव मला म्हणाला, "मामांनी बैठक ठेवलीय. परवा. तू माझ्यासाठी बोलायचंस."

"मी? मला मेल्याची बातमी आणण्यापलीकडे काही येतं का?"

"म्हणूनच तू. मी तोंड उघडलं की ती विचारेल, हे कितव्या भागातलं?"

आमच्यात माफी मागणारा स्वतः बोलत नाही. त्याचा माणूस बोलतो. ज्याचा अपराध झाला तोही त्या माणसालाच उत्तर देतो. दोघं समोरासमोर बसलेले असतात, तरी शब्द तिसऱ्याच्या हातून जातात, जेवणाच्या पंगतीत ताट पुढे सरकवावं तसे. शहाण्यांनी काढलेली रीत आहे. दोन तापलेली माणसं एकमेकांना भाजत नाहीत. मधला भाजतो.

बेक्वाईला आम्ही एक मेंढा, तीस अंडी आणि जिनची बाटली घेऊन गेलो. मेंढ्यानं टॅक्सीत माझ्या बुटावर घाण केली. कोपऱ्याकोपऱ्यावर लोकांनी यावला ओळखून हाका मारल्या. तो हात हलवत राहिला, माशा वाराव्यात तसा.

अंगणात मामा, म्हणजे नाना आम्पोन्सा, मधल्या चौरंगावर बसले होते. एनोचे धाकटे भाऊ, ऐंशीच्या पुढचे, घराण्याचे प्रमुख. भिंतीशी पाच-सहा मावश्या. समोर काळ्या कपड्यात अकुआ. गुडघ्यावर हात, मान ताठ. यावच्या खुर्चीपासून ती चार हातांवर होती, पण तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

मी उभा राहिलो. काही तयारी केली नव्हती, सवयच नाही. "नाना," मी म्हणालो, "आम्ही वाईट बातमी घेऊन आलेलो नाही. पायाखाली काटे होते, पण मनात..."

"हे तू त्या जमिनीच्या सिनेमात म्हणाला होतास," भिंतीशी बसलेली एक मावशी म्हणाली. "दुसऱ्या भागात."

बाकीच्या फिसकन हसल्या. माझे कान तापले. मग मी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा सरळ बोललो. "नाना, यानं बहिणीच्या तोंडचं रडणं चोरलं. त्या चोरीवर सगळ्यात आधी मी हसलो. हा मेंढा, ही अंडी, ही बाटली. तो माफी मागतोय. मीही मागतोय."

अकुआ माझ्याकडे बघत म्हणाली, "क्वासी, त्याला म्हणावं, एकदा स्वतःच्या तोंडानं सांग. मला ऐकायचंय."

"हे रीतीत बसत नाही," नाना म्हणाले.

"त्यानं केलं ते कुठल्या रीतीत बसलं, नाना?"

नानांनी हात टेकले. याव उठला. "सिस्टर," तो म्हणाला, आणि तेवढ्या एका शब्दात मला कळलं. तो पाद्री होता, सिनेमात शेवटी पश्चात्ताप करणारा. त्यालाही कळलं. तो थांबला, घसा साफ केला आणि खालच्या आवाजात पुन्हा सुरुवात केली. हा बायकोला मारून मग घरी आलेला दारुडा. पुन्हा थांबला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, भरभरून, आणि गुडघे वाकायला लागले.

"आता खाली बसेल," मावशी शेजारणीच्या कानात म्हणाली. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

याव अर्धवट वाकला होता. तो तसाच थांबला. मग सरळ झाला, बाहीनं तोंड पुसलं आणि खुर्चीत बसला. एकदम म्हातारा दिसला तो.

"क्वासी," तो मला म्हणाला, "तिला सांग, माझ्याकडे माझं असं काही उरलेलं नाही. सगळं वापरून झालंय. मी आत्ता शोधलं. नाही सापडलं."

मी सांगितलं. सांगायची काय गरज होती, तिनं ऐकलंच होतं, पण रीत म्हणून सांगितलं.

अकुआ बोलली तेव्हा चिडून नाही, दमून. "क्वासी, एनो गेल्याच्या आठव्या दिवशी लोक जमले होते. मी उठले. डोक्यावर हात ठेवले आणि म्हणाले, पाणी आणायला गेलीस. तेवढंच. मागून एक पोरगी त्याच्या सुरात म्हणाली, घागर तरी परत पाठव. सगळा मांडव हसला. दुष्टपणानं नाही रे. त्यांना आवरलंच नाही. नानासुद्धा हसले."

नानांनी जमिनीकडे पाहिलं.

"मी खाली बसले. तेव्हापासून मला रडू येत नाही. आई मेली आणि मला रडता येत नाही. मी काय मागतेय? मला आईला वाटेला लावायचंय. मी ते शब्द म्हटले नाहीत तर ती तशीच जाईल, मुकी. त्याचं नाव पोस्टरवर असलं-नसलं, मला काय त्याचं? तो रांगेत बसला की लोक माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघतील. म्हणून काढायला लावलं."

मी यावकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. म्हणजे, ती म्हणते ते बरोबर आहे.

"तिला सांग," तो म्हणाला, "पोस्टर राहू दे तसंच. मी येणार नाही."

मी ते सांगायला वळलो तर अकुआनंच हात वर केला. "न येऊन काय होणार? लोक विचारतील, कुठे आहे? आणि पुन्हा तेच हसतील." तिनं विचार केला. मला वाटतं, ती तिथेच, त्या क्षणी ठरवत होती. "त्याला सांग, नाव घालते. तो माझ्या शेजारी बसेल. पण रडायचं नाही. मी उठले, काहीही म्हटलं, लोकांनी काहीही केलं, तरी एक थेंब नाही. ओठ हलवायचा नाही. तोंड असं ठेवायचं की बघणाऱ्याला तिथे काहीच मिळू नये. दिवसभर. जमेल का विचार."

एनो त्याची आई होती. म्हातारी रात्री-अपरात्री त्याचे सिनेमे बघायची आणि त्यात तो मेला की त्या दिवशी जेवायची नाही, समजावून समजावून माणसं थकायची. त्याला तिच्यासाठी रडू नको म्हणणं म्हणजे काय, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होतं.

"जमेल," याव म्हणाला.

नानांनी पूर्वजांसाठी जिन जमिनीवर ओतली. मेंढा मागच्या दारानं आत गेला.

शनिवारी पहाटेपासून मांडव भरला. नव्वदी पार केलेली बाई, म्हणून सगळे काळ्या-पांढऱ्यात. एनोला पितळी पलंगावर लेसमध्ये निजवलं होतं. निम्मी माणसं तिला बघायला आली होती आणि निम्मी यावला. खोटं कशाला बोलू? फोन वर धरलेलेच होते. मुलांच्या रांगेत दोन खुर्च्या. अकुआ आणि याव. मी मागे.

त्यानं चेहरा कसा ठेवला होता ते मला सांगता येणार नाही. मी त्याचे सगळे चेहरे ओळखतो. हा ओळखीचा नव्हता. भिंतीसारखाही नाही, कारण भिंतीचं सोंग त्यानं केलं असतं तर ते मला दिसलं असतं. तिथे खरोखर काही नव्हतं.

अकुआ उठली. पलंगाशी गेली, दोन्ही हात डोक्यावर ठेवले, आणि मांडवात ती कुजबुज सुरू झाली. लोकांना माहीत होतं आता काय येणार. सगळे फोन तिच्यावरून वळून यावकडे आले.

"पाणी आणायला गेलीस," ती म्हणाली, "ऊन वर आलं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आणखी एक. ते सगळे त्याच्या भुवईकडे, त्याच्या ओठांकडे बघत होते. नुसता ओठ थरथरला असता तरी मांडव फुटला असता. याव बसून राहिला. फोन वाट बघत राहिले. तिथे काहीच घडेना, तेव्हा ते एकेक करून खाली आले. हसू थोडा वेळ इकडून तिकडे फिरलं आणि जागा न मिळाल्यानं विझलं.

"नाही यायचं तर नको येऊस," अकुआ म्हणाली, "घागर तरी परत पाठव. मी दारात उभी आहे. घसा कोरडा आहे. इकडे येणारं कुणी दिसलं, तर त्याच्या हाती एक घोट पाठव."

पुढचं मी कधी ऐकलं नव्हतं. सिनेमात ते नव्हतं. अबेनाच्या वेळी ती इथवर पोचलीच नव्हती, मधेच कोसळली होती. आता ती पोचली. तिनं आईला तिच्या आईच्या नावानं हाक मारली, मग तिच्या आईच्या, मग अबेनाच्या. तिचा आवाज फुटला तेव्हा मांडवातल्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि तिच्याबरोबर रडू लागल्या. मी रडलो. नाना रडले. ज्यांनी फोन धरले होते तेही रडले. सगळ्या मांडवात एकच माणूस कोरडा होता.

मातीच्या वेळीही तसाच. परतल्यावर लोक रांगेनं हात मिळवत पुढे सरकू लागले, तेव्हाही तसाच. एव्हाना त्याचा तो चेहरा फोनाफोनांवरून गावभर गेला होता. सख्ख्या आईला रडला नाही! ओबुआसीहून आलेली एक म्हातारी त्याच्यापुढे येऊन थांबली. तिनं हात मिळवला नाही.

"परक्या बायकांसाठी पैसे घेऊन रडतोस," ती म्हणाली, "आणि जन्म दिला तिच्यासाठी डोळा कोरडा? काय दगड जन्माला घातला बिचारीनं!"

"हो, आजी," याव म्हणाला.

मला राहवेना. शेवटी मी त्याचा बोलणारा माणूस. मी खुर्चीवरून उठलो, तोंड उघडलं. त्यानं मागे न बघता हात मागे आणून माझा गुडघा दाबला. मी बसलो. म्हातारी पुढे गेली. तिच्यामागून अजून चाळीस-पन्नास माणसं होती, आणि प्रत्येकाच्या तोंडावर तेच होतं. बहुतेकांनी म्हटलं नाही, इतकंच.

रांग संपली. उन्हं उतरली होती. अकुआचा घसा पार बसला होता. ती पदराच्या टोकानं मान पुसत समोर बघत होती. मी सवयीनं पुढे वाकलो, म्हटलं काही निरोप द्यायचा असेल तर माझ्याकडे देईल. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती शेजारच्या खुर्चीकडे वळली.

"याव," ती म्हणाली, "पाय सुजलेत बघ तुझे. सकाळपासून हललाही नाहीस. काढ ती वहाण, जरा पसर."

चार वर्षांनी. मधे कुणी नाही.

त्याच्या हनुवटीला काहीतरी झालं. मी पाहिलं. त्यानं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, दात आवळले आणि मांडवाच्या छताकडे बघत राहिला. माणसं अजून हिंडत होती, दिवस अजून संपला नव्हता. मग त्यानं खाली वाकून वहाण काढली आणि पाय पसरले.

"बरं, सिस्टर," तो म्हणाला, कोरड्या डोळ्यांनी.